वर्षालीची सिस्टीम आणि मिठबावची आनंदीबाई

वर्षालीच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी चिकटवलेली असायची. आई म्हणायची, "मीठ आसा तां दिसता गो बाय, लिवतंस कित्याक?" तर ही म्हणायची, "असू दे. उद्या कुणी पिठीसाखर ओतली तर?" आता मिठाच्या बरणीत पिठीसाखर ओतणारा माणूस त्या घरात कोण होता ते देवाला ठाऊक. पण वर्षालीचं असंच. कपाटात ओढण्या रंगाप्रमाणे, डब्यात डाळी उंचीप्रमाणे. एकतिसाव्या वर्षापर्यंत आलेली स्थळंही तिने अशीच रांगेत लावून तपासली आणि सगळी नापास केली. एकाला तर त्याच्या अक्षरावरून.

अशा पोरीने धंदा कुठला काढावा? तर माणसांना नोकऱ्या लावायचा. कणकवलीत डेपोच्या मागे, बेकरीच्या माडीवर तिचं ऑफिस. कुणाला मेडिकलच्या काउंटरला मुलगी हवी, काजूच्या फॅक्टरीला सुपरवायझर हवा, पेट्रोल पंपाला पोरगा हवा, की ते वर्षालीला फोन करायचे. खालून नानकटाईचा वास यायचा आणि जिना चढून नोकरी मागणारे यायचे. म्हणजे यायला हवे होते. प्रत्यक्षात यायचे त्यांचे काका, मामा आणि शेजारी.

"वर्षाली, माझ्या वयनीच्या भावाचां काय तां बघ मगे."

"त्याला अर्ज भरायला सांगा ना."

"अर्ज कसलो? मी सांगतंय मां!"

हे 'मी सांगतंय' ऐकलं की वर्षालीचं डोकं उठायचं. एकदा एका मेडिकलवाल्याकडे तिने चांगली फार्मसी झालेली मुलगी पाठवली. दुसऱ्या दिवशी बघते तर काउंटरला मालकाच्या साडूचा मुलगा. औषधाच्या नावांतलं त्याला काही वाचता येईना, पण साडूने सांगून ठेवलं होतं. त्या दिवसापासून वर्षालीने वशिल्याशी उभा दावा मांडला. आमच्या जिल्ह्यात वशिल्याशी दावा म्हणजे समुद्राला हाताने मागे ढकलण्याचा प्रकार, पण ढकलणाऱ्याला कोण सांगणार?

ऑफिसात तिच्या जोडीला लवूकाका. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. घरात दिवसभर बसले की बायकोशी वाजायचं, म्हणून इथे येऊन बसायचे. पगार नव्हता, काम नव्हतं, मत मात्र प्रत्येक गोष्टीवर होतं.

दोन हजार नऊ साली गणपती गेले आणि वर्षालीने पुण्याच्या एका कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं. ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून ती नुसतं 'सिस्टीम' म्हणायची, आणि असं म्हणायची की जणू घरात सून आली आहे.

"यात काय आसा?" लवूकाकांनी विचारलं.

"सगळं आहे. उमेदवाराची माहिती एकदा भरली की सिस्टीम स्वतःच बघते कोण कुठल्या जागेला योग्य. टक्के काढते. मुलाखतीचा मेसेज स्वतः पाठवते. कोण कुठल्या पायरीवर आहे तेही दाखवते."

"म्हणजे कंडक्टरान करूचां तांच. कोण चढलो, कोण उतारलो."

"काका, मुख्य म्हणजे वशिला नाही. मशीन नातं बघत नाही, गाव बघत नाही."

लवूकाकांनी नाकाचा शेंडा खाजवला. "मगे तां हंय चलाचां नाय."

सिस्टीम लावायला पुण्याचा पोरगा दोन दिवस फोनवर होता. मधेच लाइट जायची, यूपीएस टीं टीं करून जीव द्यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याने एकेक प्रश्न विचारला आणि वर्षालीने एकेक खूण केली. एक प्रश्न असा होता, की एकाच मोबाईल नंबरवरून दोन अर्ज आले तर ते एकत्र करायचे का? वर्षालीला लगेच फोंड्याचा एक पोरगा आठवला. त्याने चार जागांसाठी चार वयं लावून अर्ज भरले होते.

"करा, करा!" ती म्हणाली. "एक माणूस, एक नंबर, एक अर्ज."

किती खूश झाली होती ती त्या वाक्यावर! लवूकाकांनाही दोनदा ऐकवलं.

मग आला निकेत. हा मूळचा बांद्याचा, गोव्यात हॉटेलाचं शिकलेला, शर्टाला कायम इस्त्री, आणि मालवणी आपल्याला येतच नाही असं दाखवणारा. मिठबावच्या पुढे समुद्राला लागून 'निळाई' नावाचं रिसॉर्ट उभं राहत होतं, त्याचा हा मॅनेजर. त्याला माणसं हवी होती. किचनला, गाडीला, विजेच्या कामाला, हिशोबाला, रिसेप्शनला, बागेला, शिवणाला, वरकामाला, आणि पाहुणे समुद्रात गेले तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक चांगला पोहणारा.

"दिवाळीच्या आधी सुरू करायचंय मॅडम. तुमच्याकडून झालं तर ठीक. नाहीतर माझा ठेकेदार बाहेरून गाडी भरून माणसं आणतो. मला दोन्ही सारखंच."

त्याला सारखं, पण वर्षालीला नव्हतं. मिठबाव तिचं आजोळ. गावातली पोरं बारावी झाली की मुंबईची वाट धरतात, आणि गावच्याच किनाऱ्यावर हॉटेल होऊन त्यात माणसं बाहेरची? शिवाय या एका कामावर तिच्या ऑफिसचंही सगळं होतं. किनाऱ्यावर तेव्हा हॉटेलं पटापट उभी राहत होती आणि मॅनेजर लोक एकमेकांना विचारूनच माणसं घेत होते. निळाईचं काम नीट झालं तर देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे फोन येणार. फसलं तर मेडिकलच्या काउंटरला मुली पुरवत म्हातारी होणार.

"सर, मी देते माणसं," वर्षाली म्हणाली. "मिठबावचीच देते. आणि एकही वशिल्याची नसेल."

निकेतने तिच्याकडे जरा विचित्र बघितलं. पण ठीक म्हणाला.

मिठबावात मोबाईलची रेंज मिळायची ती फक्त वळणावरच्या बाबलीच्या दुकानात, तीही काउंटरच्या उजव्या कोपऱ्यात. पोरांच्या खिशात मोबाईल होते, पण घरी त्यांवर नुसती गाणी वाजायची. सगळ्या वाडीला फोन यायचे ते बाबलीच्या नंबरवर. मुंबईहून कुणाचा मुलगा बोलला, कुणाची लेक बाळंत झाली, कुणाची बोट बंदराला लागली, सगळं आधी बाबलीला कळायचं. मग तो दुकानातून बोंब मारायचा, "गो आनंदीबाय, तुझ्या झिलाचो फोन!" आणि अर्ध्या गावाला आनंदीबाईच्या झिलाची खबर लागायची.

वर्षालीने लॅपटॉप लावला तो तिथेच, तांदळाच्या पोत्यावर. माहिती भरायला बसली तिची मामेबहीण सलोनी. सलोनी बारावी झालेली, तालुक्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, बोलायला गोड. हिचं दिवाळीनंतर मुंबईला आत्याकडे जायचं ठरत होतं. आत्याला मूल सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. सलोनीला जायचं नव्हतं. तिला निळाईच्या रिसेप्शनला बसायचं होतं. म्हणून पहिला अर्ज तिने स्वतःचाच भरला आणि मग बाकीच्यांचे भरू लागली.

त्या वेळी वर्षाली काय करत होती? भाषण. दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती गावाला सांगत होती, की आता कुणाच्या मागे लागायची गरज नाही. मशीन बघणार, मशीन निवडणार आणि मशीन चुकत नाही. लोक शेंगदाणे खात ऐकत होते.

इकडे सलोनी विचारत होती, "नाव? शिक्षण? मोबाईल नंबर?"

"बाबलीचो घाल," पहिला म्हणाला.

"बाबलीचोच घाल. माझो घरात लागना नाय," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने तर विचारलंच नाही. नंबराशिवाय सिस्टीम पुढे सरकत नव्हती आणि बाबलीचा नंबर सलोनीला पाठ होता. प्रत्येक वेळी बटण दाबलं की हिरव्या रंगात काहीतरी उमटायचं, 'नोंद अद्ययावत झाली'. हिरवं आलं म्हणजे बरंच असणार, म्हणून सलोनी पुढच्याला बोलवायची. असे नऊ जण झाले. शेवटची आनंदीबाई. ती आली होती काडेपेटी घ्यायला. गर्दी बघून म्हणाली, "माझांय घाल. लग्नाक जेवण करतंय तां हाटेलात करीन." वय वर्षं त्रेपन्न, आवाज असा की बाबलीला फोन लागायची गरज नाही.

कणकवलीला परत आल्यावर लाइट नव्हती. सकाळी आली तेव्हा वर्षालीने यादीचं बटण दाबलं आणि न बघता सगळं निकेतला धाडून दिलं. मुद्दाम न बघता. लवूकाकांना म्हणाली, "मी नावं बघितली तर मनात नातं येणार. मला बघायचंच नाही."

लवूकाका म्हणाले, "तिकीट फाडूच्या आधी माणूस तरी बघूचो गो."

दुसऱ्या दिवशी दुपारी निकेतचा फोन आला. शर्टासारखा आवाजही कडक.

"मॅडम, ही आनंदीबाई कोण?"

"असेल कुणीतरी सर. निवड सिस्टीमने केलीय."

"हो ना. मग तिला मी ठेवू कुठे? किचनला पहिली आनंदीबाई. ड्रायव्हर आनंदीबाई. वायरमन आनंदीबाई. समुद्रात माणूस बुडायला लागला तर वाचवायला आनंदीबाई. रिसेप्शनलाही तीच, सत्त्याण्णव टक्के! वय त्रेपन्न, शिक्षण बारावी, आयटीआय, टॅली, मोठ्या गाडीचं लायसन्स. ब्लाऊज शिवते, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढते. आवडी काय, तर क्रिकेट आणि मेंदी. तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

वर्षालीने सिस्टीम उघडली. मिठबाव, एकूण उमेदवार: एक. नऊ माणसांची नऊ आयुष्यं एकमेकांत ओतून त्यावर आनंदीबाईच्या नावाची चिठ्ठी लागली होती. सलोनीची बारावी होती, पण सलोनी नव्हती.

तिने पुण्याला फोन लावला.

"मॅडम, तक्रारीचं तिकीट काढलंत का?" तिकडून मुलीने विचारलं. तिकीट म्हटल्यावर लवूकाका खुर्चीत सरळ बसले.

"तिकीट नंतर! माझी आठ माणसं गिळलीत तुम्ही!"

"मॅडम, अर्ज एकत्र करायची खूण तुमच्याकडूनच झाली आहे. एकत्र झालेले परत वेगळे नाही करता येत. पुढच्या आवृत्तीत येईल ती सोय."

"पुढची आवृत्ती कधी?"

"सांगता येणार नाही. अजून काही मदत करू शकते का मी?"

"करा की! मिठबावला जाऊन माझ्या वतीने शिव्या खा!" आणि फोन आपटला. शुद्ध भाषा सुटून मालवणी सुरू झाली ती त्यानंतर. ती काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण खाली बेकरीवाल्याने रेडिओ बंद केला होता ऐकायला.

एवढ्यावर भागलं नव्हतं. सिस्टीमने आपल्या मनाने मुलाखतीचा मेसेजही पाठवला होता. एक माणूस, एक नंबर, एक मेसेज. बाबलीने तो अक्षर लावून वाचला आणि सगळ्या गावासमोर ओरडून सांगितलं, "आनंदीबाय, तुका हाटेलवाल्यांनी बोलवल्यानी!" बाकीचे आठ वाट बघत राहिले. दुसरा मेसेज आलाच नाही.

वर्षालीने बाबलीला फोन केला. "बाबलीदादा, घोळ झालाय. मुलाखत सगळ्यांची आहे. सगळ्यांना सांग."

"आता काय सांगू? हंय महाभारत झालां. आनंदीबायचां घर तुझ्या मामाच्या शेजारी, म्हणान तू तिचो वशिलो लावलंस, असां म्हणतत सगळे. ती दुकानात इली की बाकीचे उठान जातत. माझो धंदो बसलो."

"अरे, वशिला नाही रे! मशीन चुकली!"

"मशीन?" बाबली हसला. "परवा पायरीर उभी रवान तूच सांगलंस मां, मशीन चुकना नाय?"

वर्षाली घाईने म्हणाली, "सलोनीला दे फोन."

बाबलीने तिकडे काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "ती बोलाची नाय म्हणता."

दुसऱ्या दिवशी वर्षाली निळाईला पोचली तेव्हा आनंदीबाई आधीच येऊन खुर्चीत बसली होती. केसात अबोलीचा वळेसर, अंगावर लग्नातलं लुगडं, मांडीवर पिशवी. समोर निकेत, हातात यादी. वर्षालीला बघून त्याने मुद्दाम मुलाखत यादीप्रमाणे घ्यायला सुरुवात केली.

"तुम्हाला पोहता येतं?"

"पयलां येय. आता मी पाण्यात उतारलंय तर पाणीच भायर येतलां."

"वायरिंग?"

"बल्ब गेलो तर बदलतंय. करंट लागलो तर बोंब मारतंय."

"गाडी चालवता?"

"घोवाची सायकल एकदा चलवलंय. ती खंय गेली तां अजून गावाक नाय."

निकेतने यादी खाली ठेवली. "मग येतं काय तुम्हाला?"

"जेवण. पाचशे माणसाची पंगत एकटी उठवतंय. सोलकढी पिवन नवरदेव मांडवाक उशिरा गेल्लो, इचार खंयय." मग तीच पुढे वाकली. "पण तू माका ह्यां सगळां कित्याक इचारतंस रे झिला? एवढ्या मोठ्या हाटेलात एकच बाय ठेवतलंस? आणि ठेवलंस तर पगार नवांचो देतंस?"

निकेतला हसू आलं होतं, पण त्याने ते वर्षालीकडे वळताना गिळलं. "बाई किचनला पक्क्या. बाकीचं तुमचं तुम्ही बघा मॅडम. उद्या दुपारपर्यंत माणसं इथे उभी करा. यादी नको, टक्के नको, माणसं. ठेकेदार उद्याच येतोय. ज्या जागा रिकाम्या दिसतील त्या त्याच्या."

वर्षाली तिथून थेट मिठबावला गेली, आणि गेली ती आनंदीबाईसोबत, एकाच रिक्षातून. पोरीला टक्के काढता येत होते, पण एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही, की दोघी एकत्र उतरल्यावर गाव काय समजेल. वळणावर रिक्षा थांबली आणि दुकानातून सलोनीचाच आवाज आला, "इली बघ, वशिल्याची मालकीण!"

वर्षालीने समजावलं. आधी ऑफिसातल्या भाषेत, मग मालवणीत, मग हातवारे करून. सगळ्यांचा नंबर एकच, म्हणून मशीनला वाटलं माणूसही एकच.

"माझो नंबर बघान वाटलां?" बाबलीने विचारलं.

"हो."

"मगे नोकरी माका गावाक होयी होती. आनंदीबायक कशी?"

लोक हसले, पण जागचे हलले नाहीत. पोहणारा तर रागाने मालवणला बोटीवर गेलाही होता. ड्रायव्हर बांद्याला ट्रकवर. मग वर्षाली घरोघर फिरू लागली. पहिल्या घरात, वायरमन पोराच्या बापाने तिला चहा दिला आणि विचारलं, "येयत माझो झील. पण तू थंय सांगतलंस मां?"

"सांगायला लागत नाही काका. त्याचं काम चांगलं आहे, ते बघून घेतील."

बापाने कप खाली ठेवला. "मगे कित्याक पाठवू? एकदा आनंदीबायच्या नावार हसां झालां. परत थंय जावन उभो रवतलो आणि कोण ओळखूचो नाय?"

दुसऱ्या घरातही हेच. टॅलीवाल्या मुलीची आई म्हणाली, "तू 'मी सांगतंय' म्हण, आत्ता पाठवतंय." वर्षालीने पुन्हा योग्यता, पात्रता, निष्पक्ष असं काहीतरी सुरू केलं. आईने ऐकून घेतलं आणि मुलीला म्हणाली, "जा, विहिरीवरसून पाणी हाड."

रस्त्यावर येऊन वर्षाली कुंपणाच्या गडग्यावर टेकली. पायात चिखल, पोटात दोन चहा, डोळ्यांत पाणी, आणि राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. मशीनवर काढावा तर ती पुण्याला. गावावर काढावा तर गावाचं म्हणणं सरळ होतं. त्यांना टक्के नको होते. आपल्या पोराला परक्याच्या दारात पाठवायचं, तर तिथे त्याला ओळखणारं एक माणूस हवं होतं. एवढंच. ह्या एवढ्याच गोष्टीशी ती इतकी वर्षं भांडत होती.

तिसऱ्या घराच्या पायरीवर ती चढली आणि कुणी विचारायच्या आधीच म्हणाली, "पाठवा पोराक. मी सांगतंय."

"आता कसां!" म्हाताऱ्याने लगेच पोराला हाक मारली.

मग ती मागच्या दोन घरांतही पुन्हा गेली. मी सांगतंय, मी सांगतंय. प्रत्येक वेळी तिचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं आणि प्रत्येक वेळी घरातलं माणूस खुलायचं. शेवटी मामाचं घर. सलोनी माजघराच्या दारात पाठ करून उभी होती.

"उद्या ये," वर्षाली म्हणाली.

"कित्याक? तुझ्या मशीनात मी नाय."

"मशीन गेली खड्ड्यात. तू ये."

दुसऱ्या दिवशी निळाईच्या अंगणात ती सहा जणांना घेऊन उभी राहिली. सगळ्यांचे केस तेल लावून बसवलेले. ठेकेदारही आला होता, झाडाखाली त्याची गाडी आणि गाडीत त्याची माणसं. निकेतने एकेकाला पुढे घेतलं, पण विचारलं मात्र वर्षालीलाच.

"हा कोण?"

"वायरमन. माझ्या आजोळच्या वाडीतला."

"बरा आहे?"

"बरा आहे सर."

"ठेवू?"

"ठेवा. मी सांगते."

प्रमाणपत्रांच्या फाइली पोरांच्या काखेतच राहिल्या. टॅलीवाली, शिवणवाली, रापण ओढणारा, बागेवाला, सगळे तिच्या शब्दावर पटापट आत गेले. ड्रायव्हर आणि पोहणाऱ्याची जागा ठेकेदाराने भरली. तिची ती दोन माणसं आधीच निघून गेली होती. उरलं रिसेप्शन. सलोनी पुढे झाली. तेवढ्यात ठेकेदाराने गाडीतून एका मुलीला उतरवलं. निपाणीकडची, दोन वर्षं हॉटेलात रिसेप्शनला काम केलेली. इंग्रजी बोलली ती निकेतपेक्षा बरी.

निकेत दोघींकडे बघून वर्षालीला म्हणाला, "ही अनुभवी आहे. तुमची सिस्टीम काय म्हणेल?"

वर्षालीला माहीत होतं. दहा वेळा बटण दाबलं असतं तरी तेच आलं असतं. "सिस्टीम हिलाच म्हणेल," तिने त्या मुलीकडे बोट दाखवलं.

सलोनीने मान खाली घातली. दिवाळीनंतरची मुंबईची गाडी तिला समोरच दिसत असणार.

"आणि तुम्ही?" निकेतने विचारलं.

वर्षालीने एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा सलोनीच्या तेल लावलेल्या डोक्याकडे. "सर, ती माझी मामेबहीण आहे. शिकेल सगळं. मी सांगते म्हणून घ्या."

निकेत मोकळेपणाने हसला, आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून मालवणी निघाली. "ह्यां पयल्याच दिवशी फोनार सांगलां असतां तर एवढो घोळ कित्याक झालो असतो?"

सलोनी धावत आत गेली. आनंदीबाई किचनच्या दारातून ओरडली, "गो वर्षाली, जेवन जा! बांगड्याचां तिकलां केलंय!" पण वर्षाली अंगणातच उभी राहिली. वायरमनचा बाप तिला नमस्कार करून गेला. तिला वाटत होतं आता बरं वाटेल, मग वाटेल, पण वाटेना.

ती निपाणीची मुलगी गाडीकडे निघाली होती, ती अर्ध्या वाटेतून परत आली. रागावलेली दिसत नव्हती. असल्या गोष्टींची सवय असावी.

"मॅडम, तुमचं नोकरीचं ऑफिस आहे ना? माझं नाव लिहून घ्याल? इकडे माझ्या ओळखीचं कुणी नाही."

वर्षालीने मोबाईल काढला. मुलीने नंबर सांगितला. तिचा स्वतःचा, दहा आकडी, रेंज असलेला. वर्षालीने तो घातला आणि पुढे नाव विचारायचं होतं, ते तिच्या तोंडून निघेना. शेवटी त्या पोरीनेच सांगितलं.

"जानकी."